होडीची स्थळं

स्थळं येत होती, तसं म्हणायला.
पहिला अ‍ॅबर्डीनचा, हॉटेलवाला.
डोलकाठीकडे त्याने पाहिलंच नाही.
टेप काढून रुंदी मोजली, म्हणाला,
मधोमध कापली की बारचं काउंटर झकास होईल.
मी त्याला चहा दिला. बिस्किट दिलं नाही.
हे ऑर्कनी आहे, वारा इथे झाडाला उभं राहू देत नाही.
लाकूड आमच्याकडे बोटीत बसून येतं, पाहुण्यासारखं.
त्याला करवत लावायची तर विचारून लावावी.

दुसरं एक जोडपं, नुकतंच दक्षिणेतून आलेलं.
तिला अंगणात ठेवणार होते, मातीने भरून,
पिवळी फुलं लावणार होते.
बाई चांगली होती. फुलांबद्दल जीव तोडून बोलत होती.
पण हिच्या पोटातून हेरिंग गेली, मेंढरं गेली,
एकदा चर्चचं हार्मोनियम,
एकदा, वादळ ओसरेपर्यंत चार दिवस थांबून,
माझी आई, पेटीत.
माती मी आईवर टाकली. हिच्यावर नाही टाकणार.

तिसऱ्याने ग्लासगोहून फोन केला.
गळते का?
गळते, मी म्हणालो.
फोन ठेवला त्याने.

सहा वर्षं ती शेडमध्ये आहे.
माझ्या कंबरेचा एक सांधा बदलला
तेवढ्यात तिचे सगळे उघडले.
दुपारी आत जाऊन बसलं
की फळ्याफळ्यांमधून ऊन येतं, बारीक, सुरीसारखं.
इंगा म्हणते, बाबा, तुम्हाला विकायचीच नाहीये.
मी म्हणतो, जाहिरात कुणी दिली मग?

चौथी मेरन फ्लेट.
भरतीवर वीज करतात ना, त्या यंत्रांची वेल्डर.
सव्वीस वर्षांची, भुवईवर ठिणगीचा डाग.
लाकडातलं काही कळत नाही, म्हणाली, आधीच सांगते.
मग नाळेच्या आत हात घातला, खोल,
आणि तळवा हुंगला.
नाव का असं, विचारलं तिने. स्कार्फ.
पाणकावळा, मी म्हणालो. माझे आजोबा म्हणायचे तसं.
गुरुवारी ये, भरतीला.

गुरुवारी आम्ही तिला उतारावरून पाण्यात लोटलं
आणि प्रत्येक सांध्यातून समुद्र आत आला,
घाई न करता, घरचा असल्यासारखा.
दीड तासात ती काठापर्यंत बुडाली.
धक्क्यावरून रेंडल ओरडला,
अरे आयझ्बिस्टर, विकण्याआधी बुडवतोस?
मेरन गुडघाभर पाण्यात. बादलीकडे पाहिलं तिने,
उचलली नाही. माझ्याकडे पाहिलं.
आता?
आता काही नाही. घरी जा.

शुक्रवारी ती कामावरून थेट आली,
दगडावर बसून चिप्स खाल्ल्या, गेली.
शनिवारी पाऊस. छत्री न घेता आली.
मी खिडकीतून पाहत होतो, तिला माहीत नव्हतं.
लाकूड पाणी पीत होतं,
फळी फळीला खांदा भिडवत होती.
हे दिसत नाही. यासाठी नुसतं थांबावं लागतं,
आणि थांबणारं माणूस
जाहिरातीत मागता येत नाही.

रविवारी ओहोटीला उपसलं सगळं.
मी तळाशी कोरडं वर्तमानपत्र पसरलं.
तासाभराने पाहिलं, एक कोपरा ओला.
असू दे तेवढा, म्हणालो.
मुळीच न गळणारी हवी तर प्लास्टिकची मिळते.

चौदाशे पौंड घेतले, पूर्ण, सहा हप्त्यांत.
इंगाला वाटलं होतं मी तशीच देऊन टाकीन.
फुकटची होडी लोक गवतात उलटी टाकतात
आणि विसरतात.

शेडमध्ये आता एक सायकल आहे, आणि खिळ्याला
पाणी उपसायचा लाकडी पळा. राहूनच गेला होता.
दोन दिवस त्याच्याकडे पाहिलं,
तिसऱ्या दिवशी काठी टेकत धक्क्यावर गेलो.
मेरन म्हणाली, बादली आहे माझ्याकडे.
ठेव, मी म्हणालो.
बादली त्या कोपऱ्यात पोचत नाही.