स्थिरचित्र, नववी ब

आठवड्याला एकच तास. गुरुवारचा, सातवा.
त्यातलाही अर्धा झोपे सर मागून नेतात,
प्रमेय राहिलंय म्हणून.
उरलेल्या वीस मिनिटांत
मी स्टुलावर निळं फडकं टाकते,
त्यावर पुंडलिकअण्णांचा पाणी प्यायचा तांब्या
आणि शेजारी एक वांगं,
बामणोदच्या शेतातलं, दोन्ही हातांनी उचलावं असं.

मी कोरेगावची, साताऱ्याकडची.
माझं वांगं जांभळं.
डिप्लोमाला मी तेच काढलं,
तेलखडूत, जलरंगात, एकदा काळ्या शाईतसुद्धा,
आणि इथे यावल तालुक्यात नेमणूक झाली
तेव्हा बॅगेत बारा नंबरच्या ब्रशबरोबर
तेही बांधून आणलं होतं बहुतेक.
म्हणून पहिल्याच वर्षी,
स्मरणचित्र, विषय भाजीबाजार,
मुबारक तडवीच्या कागदावर मी लाल पेनाने लिहिलं:
रंग चुकला.

त्याची वांगी पोपटी होती.
वर पांढरट रेघा,
ब्रश धुवायचा राहून गेल्यासारख्या.

तो उभा राहिला. भांडला नाही.
"म्याडम, जांभयं वांगं कोनी पाह्यलं?"
वर्ग हसला असता तर बरं झालं असतं.
बेचाळीस जण माझ्याकडे नुसते बघत राहिले,
परगावच्या गिऱ्हाइकाला कुणी जादा भाव सांगावा
आणि आजूबाजूच्यांनी गप्प बसावं, तसे.

शनिवारी बाजारात गेले.
पोत्यावर हिरवा ढीग.
मी एक उचललं, देठ पाहिला,
आणि किती घ्यायची तेच सुचेना.

तेव्हापासून स्टुलावर हिरवंच असतं.
पण वीस मिनिटांत बाह्यरेषा होते, छाया होत नाही.
पुढच्या गुरुवारी वांगं मऊ पडलेलं.
त्याच्या पुढच्या गुरुवारी एका कुशीवर टेकलेलं,
देठाजवळ बारीक सुरकुती.
वस्तू हलवू नये, असं मीच शिकवते.
मी हलवत नाही.
कल्याणी भारंबे रबर चावत विचारते,
"म्याडम, कोन्तं काढू? त्या गुरुवारचं का या?"

हे मला कुणी शिकवलेलं नाही.
दोन्ही काढ, म्हटलं.
तिने एका देठाखाली तीन वांगी काढली,
एकाच्या पोटात दुसरं, दुसऱ्याच्या पोटात तिसरं,
आणि सावली मात्र एकच.
एलिमेंटरीला यावर क श्रेणीसुद्धा देणार नाहीत.
मी तो कागद घरी आणलाय.
शाळेची मालमत्ता आहे ती, खरं तर.

अक्षरलेखनाला मी फळ्यावर ळ काढते.
या पोरांच्या बोलण्यात तो नाहीच.
केयी म्हणतात, डोया म्हणतात,
काया रंग संपला म्हणतात.
पण कटनिब हातात आलं
की पहिल्या फटक्यात असा गरगरीत ळ उतरतो
की मी मूळचा पुसून टाकते.

गेल्या गुरुवारी झोपे सरांनी अख्खा तास नेला.
वांगं स्टाफरूमच्या खिडकीत पडून होतं.
"कुजून जाईन ते," पुंडलिकअण्णा म्हणाले,
आणि शाळेमागे पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजायला घेतलं.
मी उभी राहून पाहत होते.
साल तडकली, काळी झाली,
आणि काळं होण्याच्या जरासं आधी,
कडेला, बोटभर जागेत,
मला वाटतं, जांभळी.

अण्णांना विचारलं, दिसलं का?
ते मिरच्या ठेचत होते.
झोपे सरांनी कळण्याच्या भाकरीबरोबर दोनदा मागून घेतलं,
म्हणाले, तुमच्या विषयाचा उपयोग होतो हं.

नववी ब ला सांगावं की नाही,
अजून ठरत नाही.
मुबारक आता सावद्याला ट्रकच्या फाळक्यांवर नावं रंगवतो.
त्याला विचारेन एकदा.