रेषा दाखवा

मेसेज आला दुपारी, मी ताक घुसळत असताना:
राजाराम पुलाचा चौक, सकाळचे दहा बावीस,
स्टॉप लाइन ओलांडली, दंड पाचशे.
पुतण्या म्हणाला, भरून टाक गं आत्या,
पाचशेत हल्ली धड दोन पिझ्झेसुद्धा येत नाहीत.

प्रश्न पिझ्झ्याचा नाही.
मी छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते.
पंखा बंद ठेवून बसायचो आम्ही, उन्हाळ्यातसुद्धा,
वाऱ्याने ट्रेसिंग क्लॉथ हलतं म्हणून.
रूलिंग पेनात शाई किती घ्यायची,
श्वास कुठे धरायचा, कुठे सोडायचा,
हे माझ्या हाताला माझ्याआधी कळायचं.
एकदा कालवा अर्धा मिलिमीटर सरकला माझ्याकडून.
गोंधळेकर साहेब ओरडले नाहीत.
म्हणाले, बाई, या अर्ध्या मिलिमीटरात
कुणाची तरी अख्खी विहीर बसते.
तेव्हा रेषा ओलांडणं म्हणजे काय,
हे मला कुणी शिकवू नये.

फोटो उघडला.
मागून, वरून, खांबाच्या नजरेतून मी.
हेल्मेट, पाठ, पिशवीतून डोकावणारी मेथी.
एवढं पोक कधी आलं मला?
घरात कुणी बोललं नव्हतं.
आणि चाकाखाली डांबर.
पाइपासाठी खणलेलं, बुजवलेलं, परत खणलेलं,
काळंकुट्ट, कोरं डांबर.

तक्रार केली. चौथ्या दिवशी उत्तर:
अमान्य. वाहन रेषेच्या पुढे असल्याचे दिसून येते.

मग गेले येरवड्याला, वाहतूक शाखेत,
चार फोटो आणि शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन.
हवालदार सुपेकर, माझ्या पुतण्याच्या वयाचे,
फोटो मोठा करत गेले, करत गेले,
मेथीची पानं मोजता येतील इतका.
"मॅडम, तिथे रेषा असते."
"असते, की आहे?"
ते थांबले. "मार्चपर्यंत होती.
पण कुठे थांबायचं ते सगळ्यांना माहितीच असतं ना."

असतं हो.
ट्रेसरने ड्राफ्ट्समनच्या खुर्चीत बसायचं नाही,
हे कुठल्या भिंतीवर लिहिलं होतं?
एकटीने राहणाऱ्या बाईने
भावाच्या घरी किती वाजता उठून निघायचं,
हे कुणी पांढऱ्या रंगाने आखलं होतं?
न काढलेल्या रेषा मी इतक्या पाळल्या
की त्यांचा एक नकाशा होईल, तालुक्याएवढा.
त्या पाळल्याचा कुणी फोटो काढला नाही.

हे सगळं मी सुपेकरांना म्हटलं नाही.
एवढंच म्हटलं: दंड घ्यायचाय ना, मग आधी आखा.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले, आवाज खाली आणून,
"पण सिस्टीममध्ये तसा पर्यायच नाही.
गाडी माझी नाही, नंबर चुकला, फोटो अस्पष्ट,
नाहीतर इतर."
"इतर."
"इतरमध्ये शंभरच अक्षरं बसतात, मॅडम."
छत्तीस वर्षं मी नद्या कागदावर बसवल्या आहेत.
लिहिलं: ओलांडायला रेषा लागते.
ती नव्हती. काढा, मग पकडा.
जागा उरली, तर खाली हुद्दाही टाकला, निवृत्त ट्रेसर.

त्यावर अजून उत्तर नाही.
दंड ॲपवर तसाच, लाल अक्षरांत.
पण काल सकाळी चौकात रेषा होती.
रात्रीत कुणीतरी ओढलेली, रंगाचा वास येणारी,
पांढरी स्वच्छ.
माझ्यामुळे असेल, नसेलही. दिवाळी जवळ आलीय.
मी तिच्या अलीकडे थांबले, हातभर आधी.
मागचा रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न देत म्हणाला,
"काकू, पुढे घ्या की, केवढी जागा आहे!"
मी श्वास धरला होता.
सिग्नल सुटेपर्यंत बघत होते,

डावीकडे चार बोटं तिरकी गेलीय.
आणि शेवटाला हात थरथरलाय कुणाचा तरी.
टेप डिकीतच आहे.