उजव्या हाताचं ऊन

बेलेममध्ये, मासेमारीची जाळी विकणाऱ्या दुकानाच्या वर,
लिंदाउरा बाहुल्या दुरुस्त करते.
जिन्यात डांबराचा वास, वर थिनरचा.
खोक्यांवर तिच्या अक्षरात: डोळे, निळे. डोळे, बाकीचे.
पाय, जोडीचे. पाय, एकटे.

एवांद्रो वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला ती
एकतीस वर्षं त्याच्या तिकीटखिडकीत बसलेली,
बोटी मोजत.
उजवा हात खांद्यापासून नाही.
'कुत्रं,' तो म्हणाला,
आणि कुत्र्याची बाजू घेतल्यासारखं, 'तेही म्हातारंच आहे.'

खोक्यात मापाचा हात मिळाला.
मापाचा, पण गुलाबी,
दुसऱ्या कारखान्यात, दुसऱ्याच कुणाच्या मुलींसाठी ओतलेला.
फळीवरच्या जुन्या बाटलीवर अजून लिहिलंय 'कातडीचा रंग',
एकवचनात.
लिंदाउरा त्या बाटलीत ब्रश धुते.

डावा हात मात्र कसला म्हणायचा?
गव्हाळ म्हणावं, तर त्या नदीकाठी गहू नाही.
आपण उपासाला साबुदाणा खातो, तो कंद तिकडचाच;
त्याच्या भाजलेल्या पिठासारखा म्हणू?
पण जरा जास्त भाजलेल्या,
कढईच्या कडेला राहून गेलेल्या.

गेरू, पिवळी माती, थेंबभर निळा.
हो, निळा. त्याशिवाय आत रक्त आहे असं वाटत नाही.
पांढरा नाही. पांढऱ्यानं कुणी उजळत नाही,
राख फासल्यासारखं दिसतं.
ओला रंग खोटं बोलतो, वाळल्यावर एक छटा काळवंडतो,
आणि त्या दमट हवेत तो वाळायचा कधी!
ती मूळ हाताच्या काखेत ठिपका लावते,
पंख्याखाली धरते, तोवर कॉफी.
पुसते. ठिपका. पुसते.
अकरावा ठिपका शोधून सापडेना,
तेव्हा म्हणाली, जमला.

शनिवारी एवांद्रोनं दोन्ही हात जवळ धरून पाहिले.
सख्ख्या बहिणी.
तरी तो बाहुलीला घेऊन खिडकीशी गेला.
'ही अशी बसायची. हा गाल नदीकडे.
बघ, किती उतरलाय. आणि तुझा हात
आत्ता कपाटातून निघाल्यासारखा.'

लिंदाउरा चिडली. ठरल्या पैशात दोनदा रंग कोण देतं?
तो गेल्यावर तिनं दिवा जवळ ओढला.
खरंच की,
नाकाच्या शेंड्यापर्यंत एक बाहुली,
पुढे दुसरी.

थिनरनं पुसून हात परत गुलाबी केला.
आता रंग नव्हता जुळवायचा,
एकतीस वर्षांचं ऊन जुळवायचं होतं,
या हातानं न पाहिलेलं.
मनगटावर जास्त, कोपराच्या घडीत कमी.
दंडावर एक रेघ, कारण बाही असणार, आखूड.
तळवा गडदच. तो मांडीवर पालथा असायचा.

बाहुली उन्हात उतरते, माणूस रापतो.
रात्री दहाच्या सुमारास लिंदाउरानं सहज
आपलं घड्याळ काढून पाहिलं.
पट्ट्याखालची जागा
आईच्या रंगाची निघाली.
घड्याळ पुन्हा बांधायला तिला जरा वेळ लागला.

खांद्याच्या सांध्यात मात्र रंग दिला नाही.
तिथे घासतो, सालपटं निघतात, हात फिरेनासा होतो.
बाहेरून काही कळत नाही.
हात वर केला तरच
नखाएवढी गुलाबी कोर दिसते.

एवांद्रोनं वर केलाच.
'हे काय?'
'ते त्या हाताचं स्वतःचं,' ती म्हणाली, 'असू दे.
आणि दुसऱ्या रंगाचे तीस रेआल.'

त्यानं दिले. अंगठा ओला करून,
एकेक नोट सुटी करत,
तिकिटं फाडल्यासारखे.