फुटामागं एक सूत

उद्यमनगरात, आदगोंडांच्या फाउंड्रीत
मी हिशेब लिहिते. सतरा वर्षं झाली.
खिडकीची काच कोकच्या धुरानं चहाच्या रंगाची झालीय,
तिच्यातून सगळेच महिने मार्चसारखे दिसतात.

यार्डात चाळीस पंपांची पोटं
पालथी पडून आहेत.
लांबच्या, तळ्याकाठच्या एका देशातल्या
पाणीखात्यानं मागवलेली.
तिथला खरेदी अधिकारी चिसोमो बांदा
दर सोमवारी लिहितो:
मॅडम, पैसे आहेत. डॉलर नाहीत.

मी वाचून दाखवते.
आदगोंडा चष्मा काढतात, पुन्हा घालतात:
"म्हंजे आहेत का न्हाईत?"

त्यांच्याकडे तहान आहे, नोटा आहेत.
आमच्याकडे पंप.
मधे एक तिसरंच नाणं,
जे ना त्यांच्या टांकसाळीत पडतं ना आमच्या.
जणू रविवार पेठेनं शनिवार पेठेला
वाटीभर साखर उसनी द्यायची,
तर वाटी आधी
सातासमुद्रापलीकडून भाड्यानं आणायची.

बँकेतल्या शिरगुप्पे साहेबांनी समजावलं:
त्या देशाचा दर्जा घसरलाय.
तुम्हाला दहा टक्क्यांनी मिळतं ते कर्ज
त्यांना चोवीसनी.
जोखीम असते, ताई.
दर्जा कोण ठरवतं, मी विचारलं.
त्यांनी वर बोट केलं.
वर पंखा होता.

दुपारी डबा घेऊन मी पॅटर्न शॉपमधे जाते.
सातापामामा सागवान घासत असतात,
शेजारी त्यांची पितळी पट्टी,
जिच्यावरचा फूट फुटापेक्षा मोठा आहे.
नवी होते तेव्हा मी म्हटलं होतं, मामा, पट्टी चुकलीय.
भुशातनं हसले होते.
"लोखंड निवताना आकसतंय, पोरी.
फुटामागं एक सूत.
म्हणून साचा आदीच मोठा धरायचा.
जे आकसणार हाय, त्येला जागा जास्त.
न्हाईतर भट्टीतनं येतंय झ्याक
आन् थंड झाल्यावर
कुठंच बसत न्हाई."

आज त्यांना चिसोमोचं सांगितलं.
जो देश आकसतोय
त्याचाच साचा सगळ्यात लहान.
मामांनी फुंकर मारली, भुसा उडाला.
"ती पट्टी कुणी केली म्हणं?
भट्टीपाशी उबा ऱ्हायला न्हाई त्यो कदी."

संध्याकाळी आदगोंडा म्हणाले, भंगारात घालूया.
मी म्हटलं, महिनाभर थांबा.
आणि बँकेला लिहिलं:
त्यांच्या नोटा आणि आमचे रुपये
समोरासमोर बसवता येतील का?
पहिला हप्ता नळाला पाणी आल्यावर,
आणि तोही लहान?
लिहिताना जाणवलं, हा अर्ज
चाळीस पंपांपुरता उरलेला नाही.

उत्तर आलं. फूटभर लांब कागद,
दोन शिक्के, एक वाक्य:
अशी सोय सध्या उपलब्ध नाही.
"सध्या" खाली मी लाल रेघ मारली.
तेवढीच एक फट दिसली त्या भिंतीत.

चिसोमोला कळवलं, पंप गंजू देत नाही,
आठवड्याला तेल लावते आहे.
खरं म्हणजे शकील लावतो. मी फक्त सांगते.

मग मामांची पट्टी मागून आणली,
टेबलावर ठेवली,
आणि बँकेचा कागद तिला लावून बघितला.
सूतभर कमी भरला.