सात मिनिटं

उद्यमबागेत सेकंड शिफ्ट सुटते साडेअकराला.
तिथून देसूर आठ किलोमीटर.
नुसत्या सायकलला पस्तीस मिनिटं,
इंजिन बसवल्यावर बावीस.
मला पंधरा पाहिजे होती.
का, ते विचारू नका.
लेथवर आठ तास शतांश मिलिमीटर वाचवणाऱ्या माणसाला
कधीतरी ठोक काहीतरी वाचवावंसं वाटतं.

इंजिन म्हणजे केवढं, तर तांब्याएवढं.
सिलिंडर हातात घेतला तर चहाचा पेला.
भंगारातून साडेतीनशेला आणलेलं,
एक्झॉस्टच्या तोंडात काजळी अशी
की आमची चूल त्यापुढं सोवळी.
सायलेन्सरची जाळी शेगडीत घालून लाल केली.
शालन म्हणाली, "आणि भाकरी?"
म्हटलं, थांब की, हे भाजून होऊ दे.

मग अर्धगोल कानस घेऊन
पोर्टची वरची कड उचलली एक मिलिमीटर.
वहीच्या पुठ्ठ्याची होती ती गॅस्केट काढून
पत्र्याची पातळ घातली.
रविवारी दुपारी, मच्छ्याच्या माळावर, उन्हात,
सुई एकेक खाच खाली सोडत
कान लावून आवाज जुळवला.
असा गायला, असा सणकला तो तांब्या,
माझ्या डोळ्याला वाऱ्यानं पाणी आलं.
वाऱ्यानंच.

सोमवारी रात्री, पौषातली थंडी,
झाडशहापूरच्या अलीकडं
घशात हाड अडकल्यागत तो गप्प झाला.
मागचं चाक चार हात घासत गेलं,
आणि मी डबा पकडावा का हँडल
या विचारात दोन्ही सोडलं.

सकाळी पिरनवाडी नाक्यावर अडव्याप्पा.
त्यानं मला काही विचारलं नाही,
प्लग काढला, तळहातावर ठेवला.
चुन्यासारखा पांढरा.
"उपाशी मारलास की रे ह्याला," म्हणाला.
"दुपारी जुळवलास न्हवं?
रात्रीची हवा गार. गार म्हणजे घट्ट.
घट्ट हवेला पेट्रोल जास्त लागतंय.
दुपारचा हिशेब रात्री कसा पुरणार?"

पिस्टनवरचे ओरखडे त्यानं
पाण्याच्या कागदानं हळू हळू पुसले,
लेकराचं गुडघं पुसावं तसं.
सुई एक खाच वर.
चालू केलं. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला,
टोक सिलिंडरला, डोळे मिटलेले.
मी थ्रॉटल पिळायला गेलो तर
"तडी, स्वल्प तडी,"
आणि मोकळा हात हवेतच धरून ठेवला.
इंजिन एक ठोका घेत होतं, एक सोडत होतं,
बोबडं बोलल्यासारखं.
"ऐकलास? पोट भरलंय. आता वेग घेतल्यावर
जीभ सुटती त्याची. थोडं बोबडं राहू दे.
अगदीच स्वच्छ बोलायला लागलं
की समज, मरणार."
पैसे विचारले तर पानाचे मागितले,
मग आठवून म्हणाला, चुना कमी.

आता पंधरा मिनिटांत पोचतो.
देसूरच्या फाटकापर्यंत.
त्या पहिल्या रात्री गल्लीत शिरलो तर
झाडून सगळी कुत्री उठली,
आणि मल्हारी चौगुल्याची नात, दहा दिवसांची,
पहाटेपर्यंत निजली नाही.
कुणी काही बोललं नाही.
मल्हारीनं नुसतं सकाळी
माझ्या सायलेन्सरकडं बघितलं.

म्हणून फाटकाला पेट्रोलचा कॉक बंद करतो,
उतरतो, ढकलत जातो.
फिन गार होताना टिक टिक करतात,
भाताच्या खाचरातलं धुकं पायाशी येतं,
डब्यात चमचा वाजतो, तो धरतो.
घरी यायला सात मिनिटं.

"म्हणजे आज पण बावीसच की," शालन म्हणते,
आमटी गरम करत.
मी अंगणात बसून प्लग सोडवतो,
फडक्यात धरून कंदिलापाशी आणतो.
चहा पिऊन झाल्यावर कपाच्या बुडाशी राहतो,
तसला तपकिरी.
बघ, म्हणतो. ते जाऊ दे.
रंग बघ.