बदल अर्ज

हसुराम मढवींच्या संस्थेत मी सतरा वर्षं
पावत्या फाडल्या.
कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस, झेरॉक्सच्या दुकानावरचा गाळा.
दारावर पाटी : मोकळा व्यवहार न्यास,
खाली बारीक अक्षरात नोंदणी क्रमांक.
पहिल्या दिवशी मी त्या आकड्याकडे बघत राहिले
तर म्हणाले, हस की. सगळेच हसतात.
परवानगी नको म्हणायलाही परवानगी काढावी लागते.

ऐरोलीच्या खाडीकडेला त्यांच्या बापाचं आगर होतं,
मिठाचं.
संपादनाच्या कागदावर बापाचा अंगठा आहे,
शाई जरा जास्त लागलेला.
त्याची झेरॉक्स टेबलाच्या काचेखाली,
लोक देवाचा फोटो ठेवतात तिथं.
"बापूस अडाणी व्हता म्हनून जमीन गेली नाय.
त्याला कोनी इचारलाच नाय, म्हनून गेली."

बाकी त्यांची भाषणं मला कधी धड कळली नाहीत.
सरकार किती असावं, कुठं थांबावं.
मला कळायचे मंगळवार.
मंगळवारी पालिकेची गाडी हातगाड्या उचलायची
आणि बुधवारी सकाळी तुर्भ्याच्या गोदामाबाहेर
आम्ही दोघं, एक लांबट वही,
आणि रडून झालेली माणसं.
छत्रीचा रंग, वजनं किती, लिंबं किती.
लिंबंसुद्धा?
लिही, म्हणायचे. आकडा नसला की
तिला लूट म्हणत नाहीत, कारवाई म्हणतात.

तीनदा नगरसेवकपदाला उभे राहिले.
पतंग मागितला, चिन्ह मिळालं कपाट.
एवढा मोकळेपणाचा माणूस
कपाट घेऊन दारोदार फिरला.
मतं एकशे अठ्ठ्याऐंशी, मग दोनशे तीन,
मग एक्क्याण्णव.
शेवटच्या वेळी मी पण नाय दिला,
सुगंधाताई चहा गाळता गाळता सांगतात,
ह्यांच्या जाहीरनाम्यात नळच नव्हता.

मग तो चेक.
खाडीकाठाचे निर्बंध उठवावेत असं निवेदन हवं होतं
एका बिल्डरला, आमच्या लेटरहेडवर.
वाक्यं आमचीच होती. जुन्या अहवालांतून
जशीच्या तशी उचललेली.
त्यांनी दोनदा वाचलं, चूक सापडली नाही, सही केली.
पावती मी फाडली.

दिवा कोळीवाड्यातून कुणी भांडायला आलं नाही.
फक्त पारूबाई आली एका दुपारी,
टोपलीभर निवट्या टेबलावर ठेवल्या, अजून वळवळणाऱ्या,
अंगठ्यावरच्या काचेवर चिखल,
आणि म्हणाली, वही काढ. ह्या पन मोज.

त्यांनी मोजल्या नाहीत.
पैसे परत केले, अडीच वर्षांत, हप्त्यांनी,
कारण निम्मे तोवर पगारात गेले होते.
माझ्याच.
पुढं भाषणात "ज्याची त्याची जमीन" म्हणताना
अडखळायचे. चष्मा काढून पुसायचे.
खाडी कुणाची, ह्याचं उत्तर
त्यांच्या पुस्तकांत असेल तर त्यांना सापडलं नाही,
आणि सापडलं असं खोटंही ते कधी बोलले नाहीत.

चैत्रात गेले.
धर्मादाय कार्यालयाचा अर्ज समोर आहे.
कमी झालेल्या विश्वस्ताचे नाव.
कमी होण्याचे कारण : दीड इंच जागा.
संस्था गुंडाळायची झाली तर त्यालाही हुकूम लागतो,
वकील म्हणाले, सहा महिने धरून चाला.

कपाटात (हो, खरंच एक आहे) सत्तावीस वह्या
आणि कुणी परत न्यायला न आलेला एक तराजू,
एका पारड्याला चिंचेचा डाग.

आज बुधवार.
जिन्यात कुणीतरी थांबलंय,
चपला काढू का, विचारतंय.
राहू द्या, म्हणते, या आत.
छत्री कुठल्या रंगाची होती?