पाणसळ

फरशी अर्धीच बसली आहे.
हॉलच्या दारापासून देवघराच्या उंबऱ्यापर्यंत चकचकीत,
तिथून पुढे वाळू, सिमेंटचं फाटकं पोतं
आणि साहाबुलची पिवळी पाणसळ.
आतला बुडबुडा बरोबर मधोमध.

मंगळवारी तो आला नाही.
बुधवारी कळलं, ठाण्यात कागद तपासून राहिले.
घर मालदा जिल्ह्यात, असं तो म्हणतो.
पलीकडचेही असंच बोलतात, असं ते म्हणतात.
दोन्ही खरं असू शकतं.

सकाळी कस्तुरचंद पार्काच्या कोपऱ्यावर
तर्रीच्या पातेल्याभोवती हाच विषय.
"भिंतच पायजे," डोमाजी झंझाड म्हणाले.
चोवीस वर्षं सीमेवर काढलेली, डावा कान बधिर.
"तुम्ही ते नकाशात पाहिली, म्या रात्रीची पाहिली.
धुकं असं, का सोताचा हात दिसे ना.
तार कापाचा आवाज मात्र ये, कट् कट्,
अडकित्त्यात सुपारी धरावी तसा.
आमच्यातल्या एका पोट्ट्याले दगड लागला, डोळा गेला.
त्याले जाऊन सांगा तुमची माणुसकी."
कोणी बोललं नाही.
झारा तेवढा पातेल्यावर वाजला.

मग उके मॅडम, चष्मा पुसत:
"भिंतीखालून भुयार जातं, झंझाडजी.
कामाचा परवाना द्या, नाव लिहा, मुदत लिहा.
आणि हजेरीशिवाय राबवून घेतो
त्या ठेकेदाराला आधी आत टाका."
ठेकेदार तिथंच होता. मोबाइल पाहू लागला.
मीही पोह्यांत पाहू लागलो.
फुटामागे चार रुपये कमी पडतात म्हटल्यावर
मी तरी कुठे विचारलं होतं, कोण, कुठला?

जरीपटक्याचे गुरनोमल सगळ्यांत म्हातारे.
"मी बोटीतून आलो तेव्हा सात वर्षांचा.
मामा चार महिन्यांनी निघाला.
तेवढ्यात कायदा बदलला होता.
बोट तीच. मी निर्वासित, मामा गुन्हेगार."
आता हे भिंतीच्या विरुद्ध बोलणार, असं वाटलं.
ते म्हणाले, "बांधा की. घराला भिंत नको कोण म्हणतो?
फक्त एक दार ठेवा,
आणि दारात असा माणूस बसवा
ज्याला वाचता येतं."

मी काहीच बोललो नाही.
तीस वर्षं मोजणी खात्यात साखळी ओढली,
शेजाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, बांध सरकवले.
मला एवढंच ठाऊक आहे
की पन्नास हजाराच्या नकाशावर
अर्ध्या मिलिमीटरची रेघ ओढली
तर जमिनीवर ती पंचवीस मीटर रुंद होते.
त्या शाईत कोणाची विहीर येते, कोणाचा गोठा,
कोणी नुसता सावलीला बसलेला असतो.

परतताना झिरो माइलचे घोडे दिसले.
उधळलेले, आणि जागच्या जागी.
इथून चारही बाजूंच्या सीमा इतक्या लांब
की त्यांच्याबद्दल बोलायला
फार सोपं जातं.

सहाव्या दिवशी एक पोरगा आला.
साहाबुलचा भाचा. पाणसळ न्यायला.
दारातच उभा, चपला काढून,
बेचाळीस डिग्रीत.
"कागद आहे का तुझ्याकडे?"
हे मीच विचारलं. पाणसळीसाठी.

त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून घडी काढली.
जमिनीचा उतारा असावा. सगळी अक्षरं बंगाली.
मला एकही लागेना.
खाली मात्र हातानं काढलेला तुकडा होता,
वाकडा, पाचकोनी,
दक्षिणेकडे नदीच्या दोन लाटा,
आणि त्या बाजूची रेघ
कोणीतरी खोडून आत घेतलेली.

ते मला वाचता आलं.

बराच वेळ मी तो कागद धरून होतो.
मग घडी परत दिली, पाणसळ दिली.
या हातातून त्या हातात जाताना
बुडबुडा सरकला,
एकदा त्याच्याकडे,
एकदा माझ्याकडे.

"मामा कधी सुटेल?" त्यानंच मला विचारलं.